सुनावणी की सुनावणं?

तृतीय वर्ष, वाणिज्य शाखा

मराठी मंडळाच्या अंकासाठी मी करदंडावर लिहितोय म्हटल्यावर संपादक मंडळातल्या मैत्रिणीने कपाळावर हात मारला. "अरे, कविता दे, ललित दे, निदान पावसावर तरी काहीतरी दे! जीएसटी कोण वाचणार?" तिचं चुकलं नाही. पण या लेखाची सुरुवात एका मराठी शब्दानेच होते, म्हणून तिने शेवटी जागा दिली.

तो शब्द म्हणजे 'सुनावणी'. कोर्टात सुनावणी असते तेव्हा तिथे कुणीतरी आपलं म्हणणं ऐकून घेणार, अशी आपली समजूत असते. पण घरात 'बाबांनी आज मला चांगलंच सुनावलं' असं आपण म्हणतो, तेव्हा बाबांनी काही ऐकून घेतलेलं नसतं. ते बोलले आणि आपण मान खाली घालून उभे राहिलो, एवढाच त्याचा अर्थ. एकाच धातूचे दोन शब्द, पण एकात समोरचा ऐकतो आणि दुसऱ्यात समोरचा ऐकवतो. आपल्याकडे कराच्या दंडाची जी प्रकरणं चालतात त्यांत कायद्याने पहिली गोष्ट लिहून ठेवली आहे आणि प्रत्यक्षात पुष्कळदा दुसरी होते. माझं म्हणणं एवढंच आहे की दंड करण्याआधी माणसाचं ऐकून घेणं हा उपकार नाही. तो दंडाचाच एक भाग आहे. तो वगळला तर उरतो तो दंड नाही, नुसती वसुली.

हे मला पुस्तकात सापडलं नाही. माझ्या मामाच्या दुकानात सापडलं.

मामाचं डिचोली तालुक्यात छोटं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, रंगाचे डबे, पीव्हीसी पाइप, नळ, पावसाळ्याच्या तोंडावर ताडपत्र्या. घरात कोकणी, दुकानाच्या वहीत मराठी आणि सरकारी कागद इंग्रजीत, असा त्याचा तीन भाषांचा संसार. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, चतुर्थी तीन आठवड्यांवर आली असताना, त्याने एका व्यापाऱ्याला दिलेला चेक परत आला. खात्यात पैसे होते. बँकेत गेला तर कळलं की कर खात्याच्या पत्रावरून खातं अडवलं आहे. का? तर करमागणीचा आदेश झाला होता आणि तीन महिने उलटूनही त्याने पैसे भरले नव्हते. मामाला आदेशाचाच पत्ता नव्हता, मग पैसे कुठून भरणार!

हिशेब बघणाऱ्या एका ओळखीच्या ताईंनी पोर्टल उघडलं, तेव्हा सगळी गोष्ट बाहेर आली. आर्थिक वर्ष २०१८-१९ साठी जानेवारी २०२४ मध्ये 'कारणे दाखवा' नोटीस निघाली होती. पोर्टलवर नोंदवलेला ईमेल होता जुन्या हिशेबनिसाचा, आणि तो तर २०१९ मध्येच नोकरीसाठी आखातात गेला होता. नोटीस पोर्टलवर पडून राहिली. उत्तर आलं नाही म्हणून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आदेश झाला. कर ७२,००० रुपये. दंड २०,००० रुपये, म्हणजे केंद्राच्या कायद्याखाली दहा हजार आणि राज्याच्या कायद्याखाली दहा हजार, कारण दहा टक्के किंवा दहा हजार यांपैकी जे जास्त असेल ते लागतं. व्याज जवळजवळ मुद्दलाइतकंच.

मामाचा गुन्हा काय होता? मडगावच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून त्याने माल घेतला, बिलावर लावलेला कर त्याला दिला आणि त्या कराची वजावट स्वतःच्या विवरणपत्रात घेतली. इथवर सगळं नियमाने. पण त्या व्यापाऱ्याने आपलं विवरणपत्र भरताना त्या बिलांवर मामाचा जीएसटी क्रमांक टाकलाच नाही. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकांना माल विकल्यासारखं दाखवलं. त्यामुळे खात्याच्या संगणकात मामाच्या नावापुढे ती बिलं दिसेनात. संगणकाला वाटलं, या माणसाने न दिलेल्या कराची वजावट घेतली. म्हणजे व्यापाऱ्याने कर सरकारजमा केला होता, सरकारचा एक पैसाही बुडाला नव्हता. फक्त एका रकान्यात एक क्रमांक नव्हता.

आता यातली खरी बोचणारी गोष्ट सांगतो. जीएसटीची पहिली दोन वर्षं सगळ्यांचीच शिकण्याची होती, अशा चुका देशभर झाल्या होत्या, हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाला ठाऊक होतं. म्हणून मंडळाने २७ डिसेंबर २०२२ रोजी १८३ क्रमांकाचं परिपत्रक काढलं. त्यात २०१७-१८ आणि २०१८-१९ या दोन वर्षांसाठी नेमक्या याच चुकीवर उपाय दिला होता. एका पुरवठादाराच्या बाबतीत वर्षभरातला फरक पाच लाखांपर्यंत असेल, तर त्या पुरवठादाराचं प्रमाणपत्र पुरेसं. मडगावच्या त्या माणसाचं दुकान आजही चालू आहे. तो मामाचा वीस वर्षांचा ओळखीचा. एका कागदाचं काम होतं. एप्रिलमध्ये कुणी मामाला समोर बसवून "अहो, ही बिलं तुमच्या नावावर दिसत नाहीत, काय प्रकार आहे?" एवढं विचारलं असतं, तर प्रकरण अर्ध्या तासात मिटलं असतं.

ते विचारलं गेलं नाही. आणि नोटिशीच्या फॉर्ममध्ये, जिथे वैयक्तिक सुनावणीची तारीख, वेळ आणि ठिकाण लिहायचं असतं, त्या तिन्ही रकान्यांत दोनच अक्षरं होती. 'एनए'. म्हणजे लागू नाही.

हे दोन अक्षरांचं दुखणं एकट्या डिचोलीचं नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयासमोर अशा 'एनए' लिहिलेल्या नोटिशी वारंवार आल्या आहेत आणि न्यायालयाने त्यावरून खात्याला खडसावलंही आहे. कारण कायदा अगदी स्पष्ट आहे. केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ च्या कलम ७५(४) मध्ये म्हटलं आहे की करदात्याने लेखी मागणी केली तर, किंवा त्याच्या विरोधात निर्णय घ्यायचं मनात असेल तर, सुनावणीची संधी द्यायलाच हवी. यातला 'किंवा' महत्त्वाचा. मराठीच्या तासाला उभयान्वयी अव्यय म्हणून आपण जो शब्द पाठ करून सोडून देतो, त्या एका शब्दावर इथे माणसाचा हक्क उभा आहे. त्याने सुनावणी मागितली नाही म्हणून दिली नाही, हे उत्तर चालत नाही. विरोधात निर्णय घ्यायचा असेल तर न मागताही द्यायची. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हेच सांगितलं. त्याच कायद्याच्या कलम १२६ मध्ये तर दंडाबद्दल वेगळं लिहिलं आहे की ऐकून घेण्याची संधी दिल्याशिवाय दंड करायचा नाही. आयकराच्या १९६१ च्या कायद्यातही कलम २७४ हेच सांगत होतं.

मग कायदा असताना असं का होतं? मला वाटतं, मुख्य कारण दुष्टपणा नसून घाई आहे. २०१८-१९ च्या आदेशांची मुदत ३० एप्रिल २०२४ ला संपत होती. मुदत टळली की सरकारचा हक्कच जातो. एका अधिकाऱ्यासमोर शेकडो फायली, आणि प्रत्येक फायलीत संगणकाने काढून दिलेला एक फरक. अशा वेळी ज्याचं उत्तर आलं नाही त्याच्या फायलीवर एकच परिच्छेद चिकटवून सही करणं सोपं. त्या माणसाला दोष देण्याआधी मीही परीक्षेच्या आदल्या रात्री जर्नल कसं पूर्ण करतो ते आठवतो आणि गप्प बसतो. पण माझ्या जर्नलने कुणाचं बँक खातं अडत नाही.

या बाबतीत आपल्या गोव्याचा एक निकाल प्रत्येक वाणिज्य विद्यार्थ्याला माहीत असायला हवा. आमच्यापैकी बहुतेकांना तो माहीत नाही, मलाही मामाचं प्रकरण होईपर्यंत माहीत नव्हता. आयकराच्या जुन्या कलम २७१(१)(क) खाली दोन वेगवेगळ्या कारणांसाठी दंड व्हायचा. एक, उत्पन्नाचा तपशील लपवला. दोन, चुकीचा तपशील दिला. खात्याची नोटीस छापील असायची आणि तिच्यात दोन्ही कारणं 'किंवा' घालून छापलेली असायची. अधिकाऱ्याने लागू नसलेलं कारण खोडायचं, एवढीच अपेक्षा. पण पुष्कळदा ते खोडलं जायचंच नाही. करदात्याच्या हातात दोन आरोपांची नोटीस पडायची आणि यातला आपल्यावर कोणता, हे त्याने ओळखायचं.

आपल्या भाषेत सांगतो. समजा परीक्षेनंतर तुम्हाला चिठ्ठी आली की 'तू कॉपी केलीस किंवा दुसऱ्याला कॉपी करू दिलीस, तर तुझ्यावर कारवाई का करू नये ते सांग.' तुम्ही काय सांगणार? कॉपी केली नाही हे सिद्ध करायचं तर एक पुरावा लागतो, करू दिली नाही हे दाखवायचं तर दुसरा. नेमका आरोपच ठाऊक नसेल तर बचाव कसला करायचा?

यावर न्यायालयांतही एकमत नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नव्वदच्या दशकातल्या एका निकालाचा सूर असा होता की न खोडणं ही किरकोळ चूक आहे, त्याने दंड रद्द होत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने मात्र मंजुनाथ कॉटन प्रकरणात उलट भूमिका घेतली, आणि नंतर गोवा खंडपीठानेही काही प्रकरणांत तसाच निर्णय दिला. शेवटी प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात पूर्ण पीठासमोर गेला आणि मार्च २०२१ मध्ये निकाल लागला. मुख्य करनिर्धारणाच्या आदेशात दंडाचं कारण स्पष्ट लिहिलेलं असलं, तरी नोटिशीतला दोष त्याने भरून निघत नाही. करदात्याला बचाव करायचा असतो तो नोटिशीच्या आधारावर, म्हणून नोटीसच स्पष्ट हवी. दंडाच्या तरतुदीत संदिग्धता असेल तर तिचा फायदा करदात्याला मिळायला हवा.

एक रेघ मारली नाही म्हणून अख्खा दंड रद्द! वर्गात मी हे सांगितलं तेव्हा एक मित्र ताडकन म्हणाला, "म्हणजे करचुकव्यांची चंगळ." त्याचं म्हणणं टाळून पुढे जाता येणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. ज्यांच्याकडे मोठे वकील आहेत, त्यांना असले दोष आधी दिसतात. खरोखर उत्पन्न लपवलेला माणूस न मारलेल्या रेघेच्या आधाराने सुटू शकतो. सुनावणीच्या नावाखाली तारखांवर तारखा मागून प्रकरण लांबवणारेही आहेत. आणि चुकवलेला कर शेवटी तुमच्या-माझ्या रस्त्यातून, शाळेतून आणि आरोग्य केंद्रातून वजा होतो.

तरीही माझं मत बदलत नाही, आणि त्याची कारणं तीन.

पहिलं, लांबण लावणाऱ्यांसाठी कायद्यात आधीच लगाम आहे. जीएसटीत सुनावणी जास्तीत जास्त तीन वेळा पुढे ढकलता येते, त्यापुढे नाही. बोलावूनही जो येत नाही, त्याच्या गैरहजेरीत निर्णय घ्यायला कुणाची हरकत नाही. मुद्दा बोलावण्याचा आहे.

दुसरं, दंड आणि कर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर हे देणं आहे, दंड ही शिक्षा. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये हिंदुस्थान स्टीलच्या प्रकरणात सांगितलं की दंडाची कारवाई जवळपास फौजदारी स्वरूपाची असते. माणसाने जाणूनबुजून कायदा धाब्यावर बसवला का, अप्रामाणिकपणे वागला का, हे पाहायला हवं. केवळ दंड करता येतो म्हणून तो करायचा नसतो. चूक तांत्रिक किंवा क्षुल्लक असेल, किंवा प्रामाणिक समजुतीतून झाली असेल, तर अधिकाऱ्याने हात आवरायचा असतो. आता मला सांगा, चूक प्रामाणिक होती की लबाडीची, हे संगणकाच्या तक्त्यावरून कसं कळणार? आकडे दोघांचे सारखेच दिसतात. लबाडाचा फरक ७२,००० आणि मामाचा फरकही ७२,०००. दोघांत भेद करायचा तर माणसाला समोर बसवून विचारावं लागतं. ते केलं नाही तर सुक्याबरोबर ओलंही जळतं. आणि लबाड बहुतेक वेळा वकील लावून निसटतो, तेव्हा चोर सोडून संन्याशाला सूळ ही म्हण खरी ठरते.

तिसरं कारण, 'पुढे अपील आहेच की' या युक्तिवादाला उत्तर म्हणून. हो, अपील आहे. पण तीन महिन्यांत करायचं, सबळ कारण असेल तर आणखी एक महिना, त्यापुढे अपील अधिकाऱ्यालाही उशीर माफ करता येत नाही. वादातल्या कराचे दहा टक्के आधी भरायचे. शिवाय आता पाटी कोरी नसते, तुमच्याविरुद्ध एक आदेश लिहिलेला असतो आणि तो चुकीचा आहे हे तुम्ही दाखवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सनदी लेखापालांच्या संस्थेशी संबंधित एका प्रकरणात सांगितलं होतं की पहिल्या पायरीवर नाकारलेला नैसर्गिक न्याय वरच्या पायरीवर दिला म्हणून पहिली उणीव भरून निघते असं सर्रास म्हणता येत नाही. पहिल्याच दारात न ऐकलेला माणूस दुसऱ्या दाराशी पोचतो तेव्हा पाय दुखून आलेला असतो.

आपल्या कॉलेजच्या चॅपेलवरून जाता-येता मला एक गोष्ट आठवते. ती बायबलमधली असली तरी मी ती वाचली कायद्याच्या पुस्तकात. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठाने डॉ. रिचर्ड बेंटली या नामांकित विद्वानाच्या पदव्या त्याचं म्हणणं न ऐकताच काढून घेतल्या होत्या. १७२३ मध्ये न्यायालयाने त्या परत द्यायला लावल्या. त्या वेळी एका न्यायाधीशाने दाखला दिला तो एदेन बागेचा. आदामाने फळ खाल्लं हे देवाला ठाऊक होतं. तरी त्याने आधी त्याला हाक मारली, विचारलं, बोलू दिलं, आणि मग निर्णय दिला.

या गोष्टीतल्या दोन बाजू मला फार नेमक्या वाटतात. सर्व जाणणाऱ्यानेसुद्धा विचारलं. मग 'आमच्याकडे सगळा डेटा आहे, विचारायचं काय' असं म्हणणाऱ्या संगणकाची काय कथा! आणि दुसरी, विचारल्यानंतरही आदाम सुटला नाही, बागेबाहेर गेलाच. ऐकून घेणं म्हणजे सोडून देणं नव्हे, हे माझ्या त्या मित्राला यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

मामाच्या गोष्टीचा शेवट मात्र बागेतल्या गोष्टीइतका सरळ नाही.

ताईंनी धावपळ करून चौथ्या महिन्यात, मुदत संपायला थोडेच दिवस उरलेले असताना अपील दाखल केलं. ७,२०० रुपये भरले, वसुली थांबली, खातं मोकळं झालं. मडगावच्या व्यापाऱ्याने प्रमाणपत्रही दिलं. मी खूश. अपिलात मामा जिंकणार याची मला खात्री होती. तेवढ्यात कलम १२८(अ) ची सवलत योजना आली. सुरुवातीच्या तीन वर्षांच्या, म्हणजे २०१७-१८ ते २०१९-२० च्या अशा मागण्यांवर ३१ मार्च २०२५ पर्यंत पूर्ण कर भरला तर व्याज आणि दंड दोन्ही माफ. अट एकच, अपील मागे घ्यायचं.

मी मामाला म्हणालो, "घेऊ नकोस. तू चुकलेलाच नाहीस. एकदा दिलेला कर परत कशाला भरतोस?" मामा बराच वेळ पाइपांच्या भेंडोळ्यावर बसून राहिला. मग म्हणाला, "जिंकायला किती दिवस लागतील ते तू सांगशील? प्रत्येक तारखेला दुकान बंद करून पणजीला जायचं. फी द्यायची. आणि हरलो तर दीड लाखाच्या वर. बहात्तर हजारांत सुटतो तो शहाणा." त्याने पैसे भरले आणि अपील मागे घेतलं. कागदावर सरकारने त्याला दंड माफ केला. ज्याला दंड व्हायलाच नको होता, त्याला माफी मिळाली!

संध्याकाळी फळ्या लावता लावता तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "पैशांचं सोड रे. पण म्हाका कोणेंच विचारलें ना."

मला कोणी विचारलंच नाही. हा लेख मी त्या एका वाक्यासाठी लिहिला. मामाने दुकानात उधारी थकवणाऱ्यालाही कधी न विचारता वहीत काट मारलेली मी पाहिली नाही. "काय रे, काय झालं?" हे आधी. त्याला राज्याकडून तेवढीच अपेक्षा होती.

आता, नुसतं रडगाणं गाऊन थांबू नये म्हणून काही गोष्टी. सरकारकडून काय हवं ते उघड आहे. फॉर्ममधल्या सुनावणीच्या रकान्यात 'एनए' टाकताच येऊ नये, अशी सोय पोर्टलमध्येच करता येईल. तारीख भरल्याशिवाय नोटीस पुढे जाऊच नये. उत्तर आलं नाही तर आदेशाआधी नोंदवलेल्या पत्त्यावर एक टपाल आणि एक फोन. कायद्यात नोटीस पोहोचवण्याचे अनेक मार्ग दिले आहेत, त्यातला फक्त सर्वांत सोपा वापरायचा असं बंधन कुठे आहे? आयकरात चेहराविहीन करनिर्धारण आलं तेव्हा सुनावणीचं काय होणार असा प्रश्न होता. पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर तिथे मागणी केली की व्हिडिओ कॉन्फरन्सवर सुनावणी द्यावी लागते. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं. आयकराचा १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू होतो. कलमांचे क्रमांक बदलतील, आम्हाला पुन्हा पाठ करावे लागतील. ऐकून घेण्याचं तत्त्व तेवढं बदलू नये.

आणि भाषेचा प्रश्न तर आपल्या मंडळाचाच. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही जागा ठेवली गेली. पण मामाच्या हाती आलेला प्रत्येक कागद इंग्रजीत होता. ज्याला आरोप वाचताच येत नाही त्याला सुनावणी दिली काय आणि न दिली काय! नोटिशीसोबत चार ओळी मराठीत आणि कोकणीत द्या की तुमच्यावर काय आरोप आहे, किती दिवसांत उत्तर द्यायचं आहे आणि सुनावणी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. चारच ओळी.

आपल्यालाही काही करता येईल. आपल्यापैकी किती जणांच्या घरी दुकान आहे, गाडा आहे, टॅक्सी आहे, होमस्टे आहे? या सुट्टीत घरी गेलात की एक काम करा. पोर्टल उघडा आणि नोंदवलेला ईमेल व मोबाइल कोणाचा आहे ते पाहा. तो सोडून गेलेल्या हिशेबनिसाचा असेल तर त्याच दिवशी बदला. महिन्यातून एकदा नोटिशींचा रकाना बघायची सवय लावा. नोटीस आली तर घाबरून बाजूला ठेवू नका, मुदतीत उत्तर द्या, आणि उत्तराच्या शेवटी एक वाक्य न विसरता लिहा की निर्णयाआधी मला प्रत्यक्ष म्हणणं मांडायची संधी द्यावी. कायद्याने न मागताही ती मिळायला हवी, पण मागून ठेवलेली बरी.

मामाच्या दुकानाचा ईमेल आता माझा आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तो उघडून पाहतो. परवा एक नोटीस आली. किरकोळच होती, पण सुनावणीच्या रकान्यात या वेळी तारीख होती, वेळ होती, खोली क्रमांकही होता. मामाला फोनवर सांगितलं तर त्याने आधी विचारलं, "दंड किती?"

म्हटलं, "अजून काही नाही. आधी बोलावलंय."

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, "बोलावलंय ना? मग जाऊ या. बिलांची फाइल काढून ठेव."